टाकी आबांच्या कुळागरात, पाणी अठ्ठेचाळीस घरांचं

पत्र :

मावशी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरची सून, वय ३१. आमच्या वाड्यावर ४८ घरं, लहानमोठी धरून २३० माणसं. १९९८ साली लोकांनी श्रमदान करून झरीचं पाणी पाइपनं खाली आणलं आणि १० हजार लिटरची टाकी बांधली. पुढं २००४ मध्ये सहकारी संस्था म्हणून नोंदणी झाली. पंप नाही, पाणी उतारानं येतं. सकाळी सहा ते साडेसात सोडतो, तरी कमी पडतं. मला कॉम्प्युटर येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी सचिव केलं.

पाणीपट्टी बारा वर्षं महिना ६० रुपयेच आहे. पाणी सोडणाऱ्या मुलाला ३,००० देतो, तेही दोन महिने थकलेत. टाकी माझ्या चुलत सासऱ्यांच्या, आबांच्या, कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत आहे. जागा त्यांनी तोंडी दिली होती. टाकीवरून त्यांची एक इंची पाइप थेट पोफळींना जाते आणि रात्रभर चालते. तीन वर्षं त्यांनी पट्टी भरलेली नाही. म्हणतात, टाकी माझ्या जागेत आहे. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, बाहेरच्या एका गृहस्थांचा बंगला होतोय, पोहण्याचा तलाव आणि होमस्टेसकट. सभासद करा, पाच लाख देतो, नाहीतर बोअर मारतो म्हणाले. चेअरमन म्हणतात, घेऊया. तरुण मुलं म्हणतात, सरकारी नळ फुकट आहे, संस्था हवी कशाला? मी सून, आबांसमोर मान वर करून बोलले नाही कधी. सचिवपद सोडू का?

बाय,

राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो अजून महिनाभर फडताळातच राहू दे. तुझ्या पत्रात रुपयांचे सगळे आकडे आहेत. पाण्याचा मात्र टाकीचाच एक. मे महिन्यात झर किती पाणी देते, ते कुठंच लिहिलेलं नाही. आबा, बंगला, पट्टी, सरकारी नळ, या चारही भांडणांत प्रत्येक जण पाण्याबद्दल बोलतोय आणि पाणी कुणीच मोजलेलं नाही. म्हणून आधी ते करू.

वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन टाकीवर जा. झरीचं पाणी टाकीत सोडणाऱ्या पाइपखाली बादली धर आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघ. तीनदा कर, मधला आकडा घे. समजा १०० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२०, दिवसरात्रीला १७,२८० लिटर. आता घरांची गरज बघ. घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या योजनेनं, जलजीवन मिशननं, माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलंय. २३० माणसांचे झाले १२,६५०. म्हणजे झर पुरून उरते.

मग पाणी कमी का पडतं? तुम्ही दिवसातून एकदाच सोडता म्हणून. सकाळी टाकीतले १० हजार आणि त्या दीड तासात येणारे हजारभर, एवढंच खाली जातं. साडेसातला रिकामी झालेली टाकी ७२० च्या वेगानं रात्री साडेनवाच्या सुमाराला भरते. तिथून पहाटेपर्यंत झर वाहतच असते, पण टाकीला जागा नसते. सहा हजार लिटरांवर पाणी ओसंडतं, आणि आबांची पाइप उघडी असली की ते, आणि त्याबरोबर टाकीतलंही थोडं, पोफळींना जातं. वाड्यावर गेली काही वर्षं आबांकडं बोट दाखवलं जातंय, पण अर्धा दोष टाकीच्या मापाचा आणि वेळापत्रकाचा आहे. संध्याकाळी सहाला अर्धा तास पाणी सोडलं तर टाकीत जागा होईल, रात्री ती पुन्हा भरेल आणि घरांना हवे ते साडेबारा हजार मिळतील.

हे माझे धरलेले आकडे आहेत, तुझे वेगळे येतील. बादली भरायला दीडशे सेकंद लागले तर दिवसाला साडेअकरा हजारच मिळतात. मग टाकी मोठी करूनही भागणार नाही, मे महिन्यात प्रत्येकाला थोडं कमी घ्यावं लागेल. ते आधी कळलेलं बरं. म्हणून एक वही घाल. दर महिन्याच्या एक तारखेला आणि १५ तारखेला मोजायचं, एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला. तारीख, सेकंद, मोजणाऱ्याची सही. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ऑगस्टमधली झर बघून कुणाला काही कबूल करायचं नसतं.

वहीबद्दल मी एवढ्या आग्रहानं लिहितेय त्याला कारण आहे. माझं माहेर डिचोलीतलं. माझे वडील दर एक तारखेला आमच्या वाड्यावरच्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या ते कॅलेंडरच्या मागं लिहायचे. आम्ही मुलं हसायचो. पुढं जवळच्या खाणीनं खड्ड्यातलं पाणी उपसायला सुरुवात केली आणि मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसू लागला. लोक ओरडले, पण ओरडण्याची दखल कोण घेतो? वडिलांनी अकरा वर्षांची कॅलेंडरं पिशवीत घालून नेली. फार काही मिळालं नाही. दोन उन्हाळे रोज टँकर मिळाला, एवढंच. पण तोसुद्धा त्या पायऱ्यांमुळं मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आबा. तू थकबाकीचा हिशेब केलास का? महिना ६० रुपयांनी तीन वर्षांचे होतात २,१६०. एवढ्या पैशांसाठी कुळागरवाला माणूस सगळ्या वाड्याशी वाकडा होत नाही. त्यांनी १९९८ मध्ये जागा दिली, बहुधा टाकीच्या खड्ड्यात स्वतः उतरलेही असतील, आणि आज ती गोष्ट संस्थेच्या एकाही कागदावर नाही. जुनी माणसं गेली, नव्यांना वाटतं टाकी आभाळातून पडली. त्यांचा राग तिथला असावा असं मला वाटतं. म्हणून नोटीस काढू नकोस. आधी जुनं इतिवृत्त शोध, १९९८ मध्ये कुणी किती दिवस काम केलं, कुणी काय दिलं ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढ आणि येत्या सभेत ते वाचून इतिवृत्तात घाल.

बोलायचं कसं, तेही सांगते. एकटी जाऊ नकोस आणि चेअरमनना घेऊनही नको. सासूबाईंना बरोबर घे आणि आधी आबांच्या बायकोकडं, काकींकडं जा, स्वयंपाकघरात. काकींना कदाचित आबांपेक्षा जास्त ठाऊक असेल, की घरात ही गोष्ट कुठं अडलीय. मग आबांना पडवीत गाठ आणि पैशांचं काढूच नकोस. म्हण, ‘आबा, झर मोजायची आहे, तुमच्याइतकी ती कुणाला माहीत नाही. बरोबर याल का?’ सुनेनं सासऱ्यांना एवढं विचारलं तर त्यात मर्यादा मोडत नाही.

मोजून झालं की त्यांना देण्यासारखं तुझ्या हातात काहीतरी असेल. ठिबकवर एका पोफळीला उन्हाळ्यात दिवसाला १५ ते २० लिटर पुरतात. दीडशे पोफळी असतील तर तीन हजार लिटर. मघाच्या हिशेबात घरांचं भागून साडेचार हजार उरत होते. म्हणजे आबांची बाग सुकवावी लागत नाही. पाइप टाकीच्या तळाकडून काढून वरच्या तोंडाला जोडायची, म्हणजे घरांचं पाणी सुटत नाही आणि जे ओसंडतं ते त्यांचं. ते पाणी जागेच्या मोबदल्यात म्हणून सभेनं ठराव करून द्यायचं. शिवाय जागेचं वर्षाचं नाममात्र भाडं ठरवा, ते त्यांना द्या, आणि पट्टी त्यांच्याकडून घ्या. दोन्ही रकमा वहीत वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. थकबाकी गुपचूप माफ करून विषय मिटवू नका. एकाला गुपचूप माफ केलं की पुढच्या वर्षी सात जण थकतात.

जमिनीचा कागद मात्र आबा हिंडते-फिरते आहेत तोवर करा. आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढ आणि नावं बघ. आपल्याकडं गोव्यात नागरी कायद्याप्रमाणं नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, तेव्हा आबांबरोबर काकींचीही सही लागेल. कुळागर भावाभावांत वाटलेलं नसेल तर बाकीच्या वाटेकऱ्यांच्या सह्याही. त्यात तुझे सासरेही निघाले तर आश्चर्य वाटायला नको. बक्षीसपत्र की दीर्घ मुदतीचं भाडेपत्र, ते वकिलाकडून ठरवून घ्या, पण नोंदणी करा, आणि झरीपर्यंत जायच्या वाटेचा हक्क त्यात लिहायला विसरू नका. उद्या कुळागर विकलं गेलं तर तोंडी शब्द नव्या मालकाला बांधत नाही.

‘टाकी माझ्या जागेत, म्हणून पाणी माझं’ या म्हणण्याला मात्र ठाम उत्तर असलं पाहिजे. पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणसांच्या संख्येवर वाटलं आणि भूमिहीनांचाही त्यात हक्क मानला. जमीन कुणाचीही असो, पाणी तोंडं मोजून. तुमच्या वाड्यावर प्यायच्या पाण्याला हाच नियम लागू आहे. आबांच्या घराला त्यांच्या घरातल्या माणसांएवढं, कोपऱ्यावरच्या एकट्या म्हातारीला तिच्यापुरतं. जागेचा मान वेगळा द्यायचा, प्यायच्या पाण्यात मिसळायचा नाही.

बंगल्याच्या बाबतीत माझं मत तुझ्या चेअरमनना आवडणार नाही. पाच लाखांना ४८ घरांनी भाग. घरटी दहा हजार चारशे रुपये येतात. तेवढ्यात तुम्ही काय देऊन बसाल? दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावाला ७५ हजार लिटर पाणी लागतं. तुमच्या सगळ्या वाड्याचं जवळजवळ सहा दिवसांचं पाणी! आणि ज्यानं पाच लाख दिले तो मे महिन्यात ‘आज पाणी नाही’ हे उत्तर ऐकून घेणार नाही. त्याची चूक नाही, पाणी मिळेल असं सांगूनच त्याच्याकडून पैसे घेतलेले असतील.

पण ‘बाहेरचा माणूस नको’ असाही ठराव करू नका. सहकाराच्या सात तत्त्वांतलं पहिलंच खुल्या सभासदत्वाचं आहे. सेवेची गरज असलेला आणि जबाबदारी घेणारा माणूस जात, धर्म, गाव बघून नाकारायचा नसतो. ते गृहस्थ कुटुंबासह तिथं राहणार असतील तर त्यांना सभासद करा. इतरांएवढाच एक भाग (शेअर), एकच जोडणी, एकच मत, मीटर बसवून. पाणी घरगुती वापरापुरतं, तलावाला नाही, होमस्टेला नाही. हे आधी पोटनियमांत आणा, ४८ घरांना सारखंच लागू करा, आणि मग त्यांचा अर्ज घ्या. पोटनियमांची दुरुस्ती सहकार निबंधकांकडं मंजूर व्हावी लागते, तेव्हा घाई करून अर्ध्यावर सोडू नका. पाच लाख घ्यायचे नाहीत. देणगी म्हणूनही नाहीत.

राहिली बोअरची धमकी. मला पाच लाखांपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटते. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो आत घेतो, ते हळूहळू खाली उतरतं आणि पायथ्याला तुमची झर म्हणून बाहेर येतं. म्हणजे ज्या सड्यावर बंगला होतोय तो तुमच्या झरीचा माथा असू शकतो. तिथं चिरे काढले, सपाटीकरण करून काँक्रीट ओतलं किंवा खोल बोअर मारली तर झरीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि तेव्हा संस्थेत कोण सभासद आहे आणि कोण नाही, याला काही अर्थ राहणार नाही. गोव्यात भूजल नियमन कायदा २००२ पासून आहे. नवी विहीर किंवा बोअर खणायला भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते. धमकीची वाट बघत बसू नका. खाली ४८ घरं या झरीवर अवलंबून आहेत, असं संस्थेच्या लेटरहेडवर आजच लिहून द्या, प्रत पंचायतीला, आणि ग्रामसभेत विषय मांडा. सोबत त्या वहीची झेरॉक्स जोडा. वही आज सुरू केलीत तर दोन पानं असतील, हरकत नाही.

त्या गृहस्थांशी भांडून काही मिळणार नाही. त्यांना एक हिशेब दाखवा. २०० चौरस मीटरचं छप्पर असेल तर आपल्या पावसात त्यावर वर्षाला सहा लाख लिटर पाणी पडतं. गळती वगैरे धरून साडेचार लाख हाती आलं तरी तलाव सहा वेळा भरेल. साठवणीची टाकी आधीच बांधायला सांगा, बाकीचं पाणी सड्यात मुरवायला सांगा. हे मी त्यांची समजूत घालण्यापुरतं लिहीत नाही. माथ्यावर पाणी मुरवणारा शेजारी तुमच्या झरीला खरंच उपयोगाचा आहे.

पट्टीचं थोडक्यात. ४८ घरं गुणिले ६० म्हणजे २,८८०. सगळ्यांनी वेळेवर भरली तरी पाणी सोडणाऱ्याचे ३,००० निघत नाहीत. बारा वर्षं हा हिशेब कुणी सभेत फळ्यावर मांडला नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण भार त्या मुलावर पडलाय. त्याला ५,००० तरी द्या. ब्लीचिंग, पाइप आणि टाकी सफाईचे १,५००, हिशेबतपासणीचे ५००, राखीव निधीचे १,५००. झाले ८,५००, म्हणजे घरटी १७७. एकदम तिप्पट म्हटलं की गलका होईल, होऊ दे. दिवसाला सहा रुपये पडतात. वाळपईच्या बाजारात पाण्याची एक बाटली २० रुपयांना घेतो आपण. ज्या एक-दोन घरांना खरंच झेपत नाही त्यांची सवलत सभेनं उघडपणे ठरवावी.

एक मधलीच गोष्ट, राहून जाईल म्हणून. टाकीवर झाकण आहे ना? ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, तुमच्या टाकीला २५ ग्रॅम, बादलीत कालवून निवळलेलं पाणी घालायचं आणि किमान अर्धा तास थांबून मग सोडायचं. झर कुळागरातून येते, शेण-खत तिथंच पडतं, तेव्हा पावसाच्या सुरुवातीला एकदा आणि मेमध्ये एकदा पाणी तपासून घ्या.

मुलांचं म्हणणं मात्र धुडकावू नकोस. सरकारी नळ आलाय हे खरं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळ पोचलेलं, म्हणून प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून महिना १६ घनमीटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आली होती. ती आता चालू आहे का, ते विचारून घ्या. नळ घ्या, वापरा. पण तो नळ मैलोगणती लांबच्या पाइपच्या टोकाला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये फोंड्याजवळ मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा भर पावसात पणजीसकट तिसवाडी तालुक्यात लोक कित्येक दिवस पाण्यासाठी वणवण करत होते. तुमची झर घरामागच्या डोंगरात आहे, विजेशिवाय येते, आणि तिचा व्हॉल्व तुमच्याच मुलाच्या हातात आहे. मुलांना हे सांगून पटणार नाही. त्यांच्यातल्या दोघांना मोजणीला लाव, एकाला वही दे.

आणि तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट. सभासदांच्या यादीत बायका किती? भाग नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभेत नवरा, आणि पाणी आलं नाही की कळशी घेऊन झरीवर बाई. तू सचिव आहेस तेवढ्यापुरती एक बाई सभेत बोलते. संयुक्त सभासदत्वाची सोय पोटनियमांत आहे का बघ, नसेल तर दुरुस्तीत तीही घाल. सभा रात्री मांडावर, म्हणजे गावकरी जमतात त्या जागी, घेऊ नकोस, बायका मागं उभ्या राहतात आणि लवकर घरी जातात. रविवारी दुपारी चारला शाळेच्या व्हरांड्यात घे.

नोटीस तूच काढायचीस, सचिव म्हणून, स्वतःच्या पूर्ण नावानं. विषयपत्रिकेत पहिला विषय ‘झरीच्या मोजणीचं वाचन’ ठेव, पट्टी आणि बंगला त्यानंतर. आकडे आबांना वाचू दे. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसेल तर तू वाच आणि ते ‘बरोबर’ म्हणतील, एवढं आधी बोलून ठेव. त्या सभेनंतरही सोडावंसं वाटलं तर राजीनामा दे, मी अडवणार नाही. वही मात्र पुढच्या सचिवाच्या हातात देऊन मगच जा.

तुझी मावशी